टक्कल पडलेल्या वाट्या

हेमलता खांबेटे यांच्या घरून कुणी रिकाम्या हातानं परत जात नाही. हा त्यांचा चांगुलपणा आहेच, पण त्यात थोडा नाइलाजही आहे. फसलेली भांडी ठेवायला त्यांच्या घरात आता जागा उरलेली नाही.

दिल्लीच्या पश्चिम विहारातल्या आमच्या सरकारी बांधणीच्या डीडीए फ्लॅटांत कुणाच्याही बाल्कनीत डोकावून पाहा. मनी प्लांट ज्यात लावलेला असतो तो हेमाताईंचा मग असतो. गुप्ताजींचं मांजर ज्यातून दूध पितं तो मुळात सूपचा बाऊल होता. आमच्याकडे लसूण ठेवायची एक बरणी आहे, तिला तिचं झाकण बसत नाही. समोरच्या सरदारजींकडेही एक बरणी आहे, तिलाही बसत नाही. दोन्ही घरांना पक्का संशय आहे की झाकणांची अदलाबदल झाली असावी, पण भांडं फुकट मिळालेलं असल्यानं चौकशी कुणीच करत नाही.

हेमाताई केंद्र सरकारात लागल्या त्या स्टेनो म्हणून आणि निवृत्त झाल्या त्या एका सहसचिवांच्या खासगी सचिव म्हणून. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी टाइप केलेल्या कागदावर पांढऱ्या शाईचा ठिपका कुणी पाहिला नाही अशी त्यांची ख्याती. चूक झाली तर त्या खोडत नसत, अख्खं पान पुन्हा टाइप करत. अशा बाईला निवृत्तीनंतर नाद लागला तो मातीच्या भांड्यांचा. इथे चूक झाली आहे हे भट्टीचं झाकण उघडेपर्यंत कळत नाही, आणि उघडल्यावर ती खोडता येत नाही. देवाला विनोदाची आवड आहे याचे जे थोडेफार पुरावे हाती आहेत, त्यातला हा एक.

नाद लावला मुलानं. नचिकेत मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आईच्या निवृत्तीला त्यानं राजौरी गार्डनच्या मिसेस भसीन यांच्या पॉटरी क्लासमध्ये तिचं नाव घातलं. 'आई, एंजॉय कर यार,' म्हणाला. हेमाताई एंजॉय करायला म्हणून गेल्या आणि वर्षभरात घरी विजेची भट्टी घेऊन आल्या. ती मागच्या अंगणात पत्र्याखाली बसवली. त्यासाठी विजेचा लोड वाढवून घ्यावा लागला.

'लोकांच्या बायका रिटायर झाल्यावर चारधामला जातात,' दीनानाथराव आल्यागेल्याला सांगत. 'आमच्याकडे घरातच होम पेटलाय. आहुती मात्र माझ्या पेन्शनची.'

दीनानाथराव म्हणजे हेमाताईंचे यजमान. कृषी भवनातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. पण दिल्लीच्या मराठी माणसांत त्यांची ओळख हुद्द्यामुळे नव्हती, आमटीमुळे होती. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या दिवशी आमटीची बादली यांच्या हातात. सगळ्यांना वाढून झालं की शेवटच्या पंगतीला स्वतः बसायचे आणि वाटी उचलून तोंडाला लावायचे. मग जो भुरका निघायचा, तो ऐकून मांडवाच्या दुसऱ्या टोकाचा वाढपी बादली घेऊन यांच्याकडे निघायचा. आमटी चमच्यानं खाणारा माणूस दिसला की ते हळूच शेजारच्याला विचारायचे, 'बरं नाहीये का त्यांना?'

गेल्या दिवाळीनंतर मात्र त्यांनाच बरं नाहीसं झालं. अर्धांगाचा झटका आला. झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याला आलेला झटका सौम्यच असतो. वाचा आधी परत आली, मग पाय आले. उजवा हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. बोटं मिटायची, पण सावकाश, आणि मिटली की नाही हे त्यांचं त्यांनाच समजायचं नाही. घरी आल्यावर पहिल्याच जेवणात त्यांनी सवयीनं स्टीलची वाटी उचलली. ती बोटांतून साबणासारखी निसटली आणि आमटी पायजम्यावर सांडली. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून हेमाताई त्यांना आमटी चमच्यानं भरवू लागल्या. दारं लावून. मध्येच बेल वाजली तर दीनानाथराव ताट सरकवून वर्तमानपत्र उचलायचे, मग ते उलटं का असेना. कुणाकडे जेवायला जाणं बंद झालं. मंडळात गेलेच तर दारातून सांगायचे, 'मी जेवून आलोय.' सकाळी अकरालाही सांगायचे.

अशात नचिकेतचं लग्न ठरलं. मुलगी सृष्टी, त्याच्याच कारखान्यातली, चोप्रांची. लग्न फेब्रुवारीत. त्याआधी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी चोप्रा पती-पत्नी आणि सृष्टी असे केळवणाला यायचे ठरले. पंजाब्यांना केळवण म्हणजे काय हे समजावताना नचिकेतनं 'प्री-वेडिंग लंच' असं भाषांतर केलं होतं, त्यामुळे चोप्राबाईंनी फोटोग्राफर आणायचा का असं विचारलं.

केळवण ठरलं त्याच संध्याकाळी दीनानाथरावांनी आपला निर्णय जाहीर केला.

'मी त्यांचं स्वागत करीन. दोन गोष्टी बोलीन. मग तू सांग, यांना औषध घेऊन पडावं लागतं.'

'आणि जेवण?'

'पथ्य आहे म्हण.'

'अहो, मुलाचं केळवण आहे.'

'मुलगा जेवेल की. त्याचं केळवण आहे, माझं नाही.'

विनोद केला की विषय संपतो, असा दीनानाथरावांचा आयुष्यभराचा अनुभव. पण हेमाताई हसल्या नाहीत. व्याही पहिल्यांदा घरी जेवायला येणार आणि घरचा कर्ता माणूस आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. त्या वाद न घालता मागच्या अंगणात गेल्या आणि चाकावर मातीचा गोळा ठेवला.

वाटी कशी हवी हे त्यांनी महिनाभर मनात घोळवलं होतं. बूड रुंद, म्हणजे कलंडणार नाही. मधे कमरेला जरा बारीक, म्हणजे बोटं तिथे अडकतील. काठ थोडा बाहेर वळलेला. हा आकार दोन-चार दिवसांत जमला. त्यापुढचा सगळा त्रास झिलईनं दिला.

झिलई, म्हणजे या लोकांच्या भाषेत ग्लेझ. मातीचं भांडं एकदा भट्टीत भाजतात, त्याला बिस्क म्हणतात. ते रंगानं आणि स्वभावानं बिस्किटासारखंच असतं, कोरडं आणि पाणी पिणारं. मग त्याला दाट ताकासारख्या पाण्यात बुडवतात, त्या पाण्यात काच होणाऱ्या खनिजांची पूड असते. दुसऱ्यांदा भाजलं की ती पूड वितळून अंगावर काचेसारखी बसते. बसते, म्हणजे बसायला हवी. बसली नाही तर काय काय होतं, याचं शिक्षण हेमाताईंना त्या हिवाळ्यात मिळालं.

पहिल्या घाण्यातल्या वाट्यांना आतून बाहेरून टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं पडली. हेमाताई एक वाटी रुमालात गुंडाळून मिसेस भसीनकडे घेऊन गेल्या. मिसेस भसीन म्हणजे पुरुषी आवाजाची, मोठ्या कुंकवाची, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत फिरणारी बाई. भांडं हातात घेतलं की त्या नाडी पाहिल्यासारखा चेहरा करतात.

'हेमा जी, जल्दी किस बात की थी?'

'जल्दी नहीं की, मॅडम.'

'की है. पहली भट्टी जल्दी चढ़ाई है. ये देखिए, साफ़ लिखा है.'

मग समजावलं. मातीत पालापाचोळा, धूर, कसले कसले वायू दडलेले असतात. पहिल्या भाजणीत ते सावकाश निघून जायला हवेत. घाई केली तर ते आतच राहतात आणि दुसऱ्या भाजणीत वितळलेल्या झिलईतून बुडबुडे काढत बाहेर पडतात. बुडबुडा फुटतो, आणि ते भोक भरून यायच्या आधीच भट्टी निवते. म्हणून पहिली भाजणी हळू करायची आणि दुसरीत अखेरच्या आचेवर भट्टी थोडा वेळ तशीच धरून ठेवायची, म्हणजे भोकं आपोआप बुजतात.

हेमाताईंनी घरी येऊन हे सगळं यजमानांना सांगितलं. दीनानाथरावांनी वाटी उन्हात धरून पाहिली.

'सुंदर जाळी पडलीय. अनारशाला अशी पडली असती तर सगळ्या सोसायटीत मिरवली असतीस.'

'अनारशात आमटी ओतत नाहीत.'

'हे मात्र खरं.'

दुसऱ्या घाण्याला भोकं नव्हती. वाट्या तांबूस, गुळगुळीत, पाहत राहाव्या अशा. हेमाताईंना राहवलं नाही, भट्टी पुरती निवायच्या आधीच त्यांनी झाकण वर केलं होतं. दुपारभर अंगणातून टिंग, टिंग असा मंजूळ आवाज येत राहिला. दीनानाथरावांना वाटलं मंदिरात काहीतरी आहे. संध्याकाळी हेमाताईंनी एका वाटीत परीक्षेसाठी आमटी ओतून ठेवली. सकाळी वाटी धुतली तर आत हळदीनं जिल्ह्याचा नकाशा काढलेला. नद्या, उपनद्या, सगळं. झिलईला केसासारखे तडे गेले होते आणि प्रत्येक तड्यात आमटी शिरली होती. अशी वाटी रोज वापरायची म्हणजे परवाची आमटी आज चाखायची.

'सुनिए,' मिसेस भसीन म्हणाल्या, 'धोने के बाद ब्लाउज़ तंग हो जाए तो क्या होता है?'

हेमाताईंनी काय होतं ते सांगितलं.

'बस, वही हुआ है.'

निवताना माती आकसते, झिलईही आकसते. झिलई मातीपेक्षा जास्त आकसली तर तिला अंगावर ताण बसतो आणि ती उसवते. उपाय असा की झिलईत गारगोटीची पूड थोडी वाढवायची, म्हणजे ती कमी आकसते. आणि भट्टी पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. प्रेशर उतरायच्या आधी कुकर उघडणाऱ्या बायकांनी या धंद्यात पडू नये, असं मिसेस भसीन म्हणाल्या, आणि असं म्हणताना हेमाताईंकडे पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

तिसऱ्या घाण्याला टक्कल पडलं.

दुसरा शब्दच नाही. आतून वाट्या निर्दोष. तडा नाही, भोक नाही, हळद लावून बघा. पण बाहेरच्या बाजूला, नेमकं कमरेपाशी, झिलईनं अंग चोरलेलं. रुपयाएवढे गोल गोल डाग, तिथे नुसती उघडी माती, आणि भोवती झिलईच्या जाड कडा, जशा टकलाभोवती केसांच्या असतात. एकाच नाही, निम्म्याहून अधिक वाट्यांना.

तो रविवार होता, नचिकेत घरी होता. त्यानं वाटी हातात घेतली आणि त्याच्यातला क्वालिटी विभाग जागा झाला.

'आई, फाइव्ह व्हाय करूया. आमच्याकडे असंच करतात. डिफेक्ट का आला, पाचदा विचारायचं. मूळ कारण सापडतंच. बिल्कुल सोपं असतं.'

'विचार.'

'झिलई का निघाली?'

'चिकटली नाही म्हणून.'

'का चिकटली नाही?'

'ते मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?'

'आई, तू विचारायचं नाहीस, मी विचारायचं. का चिकटली नाही?'

'तुझे बाबा कुठायत रे?' हेमाताई म्हणाल्या. 'त्यांना गोळी द्यायचीय.'

पद्धत तिथेच थांबली. मानेसरला ती चालते, कारण तिथे ज्यांना विचारतात त्यांना उठून जाता येत नाही.

मिसेस भसीननी वाटीकडे एकदाच पाहिलं. 'तेल,' म्हणाल्या. 'या क्रीम. बिस्क पर चिकना हाथ लगा है. जहाँ चिकनाई, वहाँ ग्लेज़ टिकता नहीं. पिघलते ही भाग जाता है. धूल से भी होता है, मोटा लगाओ तो भी होता है. पर ये तो तेल है.'

हेमाताईंना हा आरोप फार लागला. पोळ्या करून झाल्या की त्या हात साबणानं धुतात, मग लिंबानं, मग पुन्हा साबणानं. दिल्लीच्या थंडीत हात फुटून रक्त आलं तरी बिस्क हाताळायच्या दिवशी त्यांनी कधी क्रीम लावलं नव्हतं. 'मॅडम, मेरा हाथ नहीं है,' त्या म्हणाल्या. कोर्टात म्हणतात तशा.

'तो किसी का तो है.'

पुढचा घाणा त्यांनी हातमोजे घालून हाताळला. झिलई पातळ केली. बिस्क ओल्या स्पंजनं पुसून घेतलं, पण तेल पाण्यानं जात नाही. कोरड्या बिस्कनं ते पिऊन टाकलेलं असतं. पुन्हा टक्कल. केळवण पुढच्या आठवड्यावर आलेलं.

त्या दुपारी हेमाताई पत्र्याखाली बसल्या आणि एक वाटी हातात घेऊन तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. टाइपिंगच्या दिवसांत चूक सापडत नसली की त्या कागद उलटा धरून शेवटून वाचत, तशी त्यांनी वाटी फिरवली. आणि त्यांच्या लक्षात आलं की डाग कुठेही नव्हते. एका बाजूला तीन-चार, ओळीनं, आणि बरोबर समोरच्या बाजूला एक. त्यांनी आपली बोटं त्या ओळीवर ठेवली आणि अंगठा समोरच्या डागावर. बोटं जागेवर बसली, पण डाग त्यांच्याबाहेर उरले. हात मोठा होता. आणि पकड उजव्या हाताची होती.

नचिकेत कामावर गेला की घरात मोठा उजवा हात एकच होता, आणि तो तर काही धरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे अकराला भाजीला निघाल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि पिशवी विसरली म्हणून परतल्या. खरंच विसरली होती, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून मागचं अंगण दिसतं. तिथे उन्हात खुर्ची टाकून दीनानाथराव बसले होते.

फिजिओथेरपिस्टनं त्यांना एक व्यायाम दिला होता. डाव्या हातानं उजव्या तळव्याला तेल चोळायचं, उन्हात धरायचं, बोटं उघडायची, मिटायची. दिल्लीत सगळे याला मोहरीचं तेल वापरतात. पण खांबेट्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल, आणि दीनानाथरावांना मोहरीचा वास आला की भूक लागते. जानेवारीत खोबरेल बाटलीत मेणबत्तीसारखं थिजतं. म्हणून ते बाटली भट्टीच्या कोमट झाकणावर ठेवत आणि पातळ झालं की हाताला चोळत. हे हेमाताईंना माहीत होतं. त्यांनीच ती जागा सुचवली होती.

त्यापुढचं त्यांना माहीत नव्हतं. चोळून झाल्यावर दीनानाथरावांनी उजवा हात हळूहळू बाजूच्या फळीकडे नेला. तिथे झिलईची वाट पाहत बिस्कच्या वाट्या मांडून ठेवलेल्या. बोटं एका वाटीभोवती पसरली, थांबली, मिटली. वाटी उचलली गेली. छातीपर्यंत आली, तिथे थरथरली, अडली. दीनानाथरावांनी तोंड पुढे केलं नाही. वाटीच वर येऊ दिली. ती ओठाला लागली. रिकाम्या वाटीतून त्यांनी एक भुरका घेतला, अगदी हळू, शेजारी ऐकतील म्हणून. मग वाटी खाली ठेवली आणि दुसरी उचलली. बहुधा बदल म्हणून.

स्टीलची वाटी निसटत होती, ही निसटत नव्हती. कोरी, खरखरीत माती बोटांना धरून ठेवत होती.

हेमाताई पिशवी न घेताच परत गेल्या. मटार ओढणीत बांधून आणले.

'पिशवी कुठाय?' दीनानाथरावांनी विचारलं. हात पायजम्याला पुसत.

'विसरले.'

'तू? विसरलीस?'

'वय झालं माझं.'

त्या दिवशी हेमाताईंनी मटार सोलता सोलता बरंच रडून घेतलं, आणि मटारांना काही कांद्यासारखी सबब देता येत नाही, म्हणून सर्दी झाल्याचं सांगितलं. पण रडण्याच्या आतून एक विचार वर येत होता, आणि तो त्यांना जास्त छळत होता. जी गुळगुळीत झिलई बसावी म्हणून त्या जीव टाकत होत्या, ती बसली असती तर वाटी पुन्हा यांच्या हातून निसटली असती. टक्कल होतं तिथेच यांची बोटं टेकत होती.

मिसेस भसीनना त्यांनी फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की बाहेरून झिलई लावलीच नाही तर?

'तो मत लगाइए. अंदर लगाइए, किनारे पर लगाइए, जहाँ होंठ लगेंगे. बाहर जहाँ नहीं चाहिए वहाँ मोम लगा दीजिए, ग्लेज़ खुद ही हट जाएगा. सब करते हैं.'

म्हणजे घरातला एक माणूस खोबरेलानं जे नकळत करत होता, तेच जगातले कुंभार मेणानं जाणूनबुजून करतात.

हेमाताईंनी नवी माती घेतली, त्यात भाजलेल्या मातीची रवाळ पूड मिसळली, म्हणजे पक्कं भाजल्यावरही अंगाला खरखर राहील. कमरेला बोटांपुरते हलके खळगे दाबले. ते कुठे दाबायचे हे मोजावं लागलं नाही, जुन्या वाटीवर सगळं स्पष्ट होतं. फक्त एकच वाटी वेगळी केली तर ती रोग्याची दिसेल, म्हणून केळवणाला जितकी माणसं येणार तितक्या केल्या, सगळ्या सारख्या. आणि सरावाची गैरसोय होऊ नये म्हणून दोन जुन्या कोऱ्या वाट्या फळीच्या टोकाला ठेवून मोठ्यानं म्हणाल्या, 'या फेकायच्यायत, पडल्यात तशा राहू देत.' बाकीचं बिस्क कपाटात. एक-दोघींना खोबरेल लागलंच होतं, त्या पुन्हा भट्टीत घालून तेल जाळून टाकलं. पहिली भाजणी हळू, दुसरीत अखेरची आच धरून, आणि भट्टी उघडली ती दुसऱ्या दिवशी, हात लावून गार लागल्यावर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादा कागद मुद्दाम अर्धा कोरा सोडला होता, आणि तो तसाच ठेवणं त्यांना किती जड गेलं हे त्यांच्याकडे काम केलेल्या कुणालाही कळेल.

एक वाटी त्यांनी दीनानाथरावांसमोर टेबलावर ठेवली. त्यांनी ती डाव्या हातानं फिरवून पाहिली.

'रंग संपला वाटतं.'

'फॅशन आहे.'

'कुणाची?'

दीनानाथरावांनी उजवा हात पुढे केला. बोटं त्या खळग्यांत उतरली, एकेक करून, जशी माणसं आपापल्या जागी बसतात.

'तुला कधी कळलं?'

'काय?'

'काही नाही.'

रविवार उजाडला. दिल्लीत जानेवारीचं ऊन एखाद्या मंत्र्यासारखं असतं, येईल असं सांगतात, पण आल्याशिवाय खरं नाही. त्या दिवशी आलं. आम्हा वरच्या मजल्यावरच्यांना गर्दी दाखवायला बोलावलं होतं. चोप्रा आले, भला थोरला मिठाईचा डबा घेऊन. चोप्राजींचा स्वेटर इतका जाड की त्यांना मिठी मारणं म्हणजे गादी उचलणं. दीनानाथरावांनी स्वागत केलं, दोन गोष्टी बोलले. मग बाराएक गोष्टी बोलले. हेमाताईंनी पानं घेतली. किती पानं मांडायची हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. मोजून सगळ्यांची मांडली होती.

नचिकेत आईकडे बघत होता, आई मिठाकडे. दीनानाथराव दाराशी उभे होते. आतल्या खोलीत अंथरूण घातलेलं होतं, हे सगळ्या घराला माहीत होतं.

'अंकल, आप भी बैठिए ना,' सृष्टी म्हणाली. तिला काही सांगितलेलं नव्हतं, नाहीतर बोलली नसती.

दीनानाथराव बसले.

ताटात मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरणपोळी आणि वाटीत चिंचगुळाची आमटी. 'ये कटोरी तो बड़ी डिज़ाइनर है,' चोप्राबाई म्हणाल्या. चोप्राजी ताटाच्या दोन्ही बाजूंना चमचा शोधत होते. नचिकेत उठायला लागला.

'बस,' दीनानाथराव त्याला म्हणाले. 'भाईसाहब, आमटी चम्मच से नहीं होती. आपको बुखार तो नहीं?'

'नहीं जी.'

'तो फिर उठाइए.'

आणि त्यांनी स्वतः हात पुढे केला. ज्यांना माहीत होतं ते सगळे एकदम कामाला लागले. हेमाताईंनी लोणचं पुन्हा एकदा वाढलं, ज्यांच्या पानात होतं त्यांनाही. माझी बायको कोशिंबिरीतली मिरची शोधू लागली. वाटी वर आली, छातीपाशी अडली, थरथरली. आमटीचा एक ओघळ बोटांवरून मनगटावर आला. दीनानाथरावांनी तोंड पुढे नेलं नाही. वाटी ओठाला लागली, आणि तो भुरका निघाला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा नव्हता, पण स्वयंपाकघरापर्यंत नक्की पोचला.

चोप्राजींनी एकवार बायकोकडे पाहिलं, वाटी उचलली आणि थेट पंजाबातून यावा तसा भुरका मारला.

'सुनिए!' चोप्राबाई म्हणाल्या.

'तुम भी करो,' चोप्राजी म्हणाले. 'मज़ा आ गया.'

मग मुलं हसली, सृष्टीनं मारून पाहिला आणि तिला ठसका लागला, नचिकेतनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि दोन्ही आयांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दीनानाथरावांच्या स्वेटरवर आमटीचा डाग पडला होता. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. वाटी रिकामी झाली तशी हेमाताई चटकन उठल्या, नेहमीच्या सवयीनं, त्यांच्या हातातली वाटी घेऊन भरून आणायला.

दीनानाथरावांनी बोटं घट्ट केली.

'वाटी राहू दे माझ्याकडे,' ते म्हणाले. 'आमटी इकडे आण.'